शाळांची सुरक्षा : प्रमाणपत्र मिळाले, पण मुले सुरक्षित झाली का?

लखनौ शहरातील गोमती नदीकाठच्या रहिवाशांच्या वतीने २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे एक जनहित याचिका दाखल झाली. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर होणारी वाहनांची कोंडी, त्या कोंडीत अडकणारी मुले आणि शाळांमधील सुरक्षेची एकंदर स्थिती हे या याचिकेचे विषय होते. सुनावणी पुढे सरकली तसा प्रश्न हजरतगंज आणि राजभवन परिसरातील नामांकित शाळांपुरता राहिला नाही. शाळांच्या सुरक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेले आदेश उत्तर प्रदेशातील किती शाळांनी पाळले, अशी विचारणा न्यायालयाने राज्य शासनाकडे केली आणि २०२४ मध्ये राज्यभरातील शाळांच्या पाहणीचा मुद्दा पुढे आला. अशा शाळांची संख्या एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आहे.

ही संख्या कागदावर मांडून पाहिली की कामाचा आवाका ध्यानात येतो. उत्तर प्रदेशात ७५ जिल्हे आहेत. सरासरी काढली तर प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे १ हजार ८०० शाळा येतात. वर्षातील २५० कामकाजाचे दिवस धरले, तर एकाच वर्षात पाहणी संपवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातील पथकाला दररोज सात ते आठ शाळा पाहाव्या लागतील. जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता एका शाळेसाठी जेमतेम तासभर उरतो. तेवढ्या वेळात अग्निशामक यंत्र भिंतीवर आहे की नाही, हे दिसते. ते वापरता येणारा शिक्षक त्या दिवशी शाळेत आहे की नाही, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

शालेय सुरक्षा आणि प्रतिबंधात्मक उपक्रमांच्या मूल्यमापनाची खरी अडचण या फरकात आहे. शाळेत काय बसवले, याची नोंद ठेवणे सोपे असते. त्यामुळे मुलांच्या वाट्याला येणारा धोका किती कमी झाला, हे शोधणे अवघड असते आणि बहुतेक अहवाल सोप्या कामापाशीच थांबतात.

कुंभकोणमची आग आणि २००९ चा निकाल

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपरापर्यंत पोहोचली आणि अरुंद जिन्यामुळे वरच्या मजल्यावरील मुलांना बाहेर पडता आले नाही. त्यानंतर दाखल झालेल्या ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शाळेत अग्निशामक साधने असावीत, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार असावी आणि त्याची वेळोवेळी तपासणी व्हावी, असे निर्देश देण्यात आले. लखनौ खंडपीठापुढे चर्चेत आलेले आदेश ते हेच.

दरम्यान, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जून २०११ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. भूकंपाचा धोका अधिक असलेल्या २२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४३ जिल्हे त्यासाठी निवडण्यात आले आणि प्रत्येक जिल्ह्यातील २०० याप्रमाणे ८ हजार ६०० शाळा त्यात आल्या. पुढे २०१६ मध्ये प्राधिकरणाने शालेय सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शाळा व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी नियमावली काढली आणि तिच्या अंमलबजावणीचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांना दिले. थोडक्यात, नियमांची वाण नाही. कोणता नियम कितपत उपयोगी ठरला, याचा हिशेब मात्र फारच थोड्या ठिकाणी मांडला गेला आहे.

धोका एक, उपाय दुसरा

हरियाणातील गुरुग्राम येथे ८ सप्टेंबर २०१७ रोजी एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. पोलिसांनी प्रथम शाळेच्या बसवाहकाला अटक केली. त्यानंतर चारच दिवसांनी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढले. शाळांनी सीसीटीव्ही बसवावेत, स्थानिक पोलिसांकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी आणि बसचालक, वाहक, शिपाई आदी कर्मचाऱ्यांची पडताळणी व मानसशास्त्रीय चाचणी करावी, असे त्यात म्हटले होते. मुदत दोन महिन्यांची होती. ती संपत असतानाच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. बसवाहकाची पुढे आरोपातून मुक्तता झाली.

जानेवारी २०१८ मध्ये लखनौमधील एका शाळेच्या स्वच्छतागृहात पहिलीच्या मुलावर चाकूहल्ला झाला. मूल बचावले. पोलिसांच्या तपासाचा रोख पुन्हा शाळेतीलच, वरच्या वर्गातील एका अल्पवयीनाकडे वळला. या प्रकरणांतील दोषनिश्चिती हा न्यायालयांचा अधिकार आहे. मूल्यमापनाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब वेगळी आहे. परिपत्रकातील उपाय कर्मचाऱ्यांकडून संभवणाऱ्या धोक्यावर योजलेले होते. तपास यंत्रणांनी दाखवलेला धोका विद्यार्थ्यांच्या आपसातील होता आणि ज्या जागी तो प्रत्यक्षात आला, तेथे कॅमेरा बसवताच येत नाही. एखाद्या शाळेने परिपत्रकातील सर्व रकाने भरले असते तरी या विशिष्ट धोक्याबाबत तिची स्थिती फारशी बदलली नसती.

अर्थात, म्हणून कर्मचाऱ्यांची पडताळणी व्यर्थ ठरत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी सफाई कर्मचारी होता. प्रत्येक उपाय कोणत्या धोक्यासाठी आहे, हे आधी लिहून ठेवावे आणि त्याचे यशापयश त्याच धोक्याच्या मापाने मोजावे, इतकाच याचा अर्थ. आगीच्या सरावाने छळ थांबत नाही आणि समुपदेशनाने छप्पर मजबूत होत नाही. तरीही अनेक तपासणी अर्जांत या साऱ्यांची बेरीज करून शाळेला एकच गुण दिला जातो.

उत्तर प्रदेशातीलच कुशीनगर जिल्ह्यात २६ एप्रिल २०१८ रोजी मानवरहित रेल्वे फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसून १३ मुलांचा मृत्यू झाला. फाटकावर नेमलेल्या ‘गेट मित्रा’ने वाहन थांबवण्याचा प्रयत्न केला होता, असे रेल्वेने त्या वेळी सांगितले. चालकांना सूचना देणे, फलक लावणे आणि मित्र नेमणे हे सारे उपाय माणसाच्या सावधपणावर विसंबून होते. रेल्वेने जानेवारी २०१९ अखेरपर्यंत रुंदमापी मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके बंद केली, तेथे कर्मचारी नेमले किंवा पूल व भुयारी मार्ग बांधले. धोक्याची जागाच उरली नाही, त्यामुळे या उपायाचे मूल्यमापन करणे सर्वांत सोपे ठरले.

तक्रारी वाढल्या, तर काय समजावे?

सुरक्षेच्या उपक्रमाचे यश तक्रारींच्या संख्येवरून मोजण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तक्रारी घटल्या की उपक्रम यशस्वी आणि वाढल्या की शाळा वाईट, असा सरळ अर्थ लावला जातो. हा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात १३ राज्यांतील १२ हजार ४४७ मुलांशी बोलणे झाले होते. उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा ही राज्येही त्यात होती. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती दिली आणि त्यांतील बहुसंख्य मुलांनी तोपर्यंत ती कोणालाही सांगितलेली नव्हती. जेथे एवढे मौन आहे, तेथे शाळेच्या नोंदवहीतील शून्य तक्रारींना काही अर्थ उरत नाही. मुलांना विश्वास वाटेल असा उपक्रम सुरू झाला, तर पहिल्या वर्षी तक्रारी वाढायलाच हव्यात. त्या वाढल्या म्हणून मुख्याध्यापकांना नोटीस बजावली, तर दुसऱ्या वर्षी त्या निश्चित घटतील. घडणाऱ्या घटना मात्र तेवढ्याच राहतील.

कायद्याचाही येथे संबंध येतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवल्यास कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. दडपशाही रोखण्यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण तिचा एक परिणाम मूल्यमापन करणाऱ्यांना विसरता येत नाही. प्रश्नावली घेऊन वर्गात गेलेल्या संशोधकालाही हे बंधन लागू होते. त्यामुळे मुलांची नावे न घेता प्रश्न विचारणे, कोणत्या परिस्थितीत माहिती पुढे द्यावी लागेल हे मुलांना त्यांच्या भाषेत आधी सांगणे आणि मदतीची व्यवस्था त्याच दिवशी तयार ठेवणे, ही कामे अभ्यासाच्या आराखड्यातच यावी लागतात. एखादे मूल प्रथमच बोलते झाले आणि पुढे त्याचे ऐकणारे कोणी नसले, तर असे सर्वेक्षण न झालेले बरे.

बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्रात जे उघड झाले, तेही याच प्रकारात मोडते. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असावी, असा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. प्रत्यक्षात अनेक शाळांत ही समिती स्थापनच झालेली नव्हती आणि काही ठिकाणी ती केवळ कागदावर होती. बदलापूरच्या त्या शाळेतील सीसीटीव्हीचे पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचेही तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. कॅमेरे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आले असते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यानंतर राज्य शासनाने मे २०२५ मध्ये सुरक्षेबाबत एकत्रित नियम जारी केले.

तुलना कोणाशी?

लखनौमध्येच दोन टोकांच्या शाळा पाहायला मिळतात. गोमतीनगरच्या रुंद रस्त्यावरील नव्या इमारतीत अग्निशमन दलाची गाडी फाटकातून आत येऊ शकते. चौक किंवा अमीनाबादच्या गल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या शाळेपर्यंत ती पोहोचणेच कठीण. दोन्ही शाळांना एकाच अर्जावर गुण दिले, तर पहिल्या शाळेला तिच्या जागेचे श्रेय मिळते आणि दुसरीला तिच्या गल्लीची शिक्षा. दुसऱ्या शाळेने त्याच अडचणीत राहून पोरांना चार मिनिटांत रस्त्यावर आणण्याचा सराव बसवला असेल, तर ते अर्जात कोठेच दिसत नाही. न्याय्य मूल्यमापनात शाळेची सुरुवातीची स्थिती नोंदवावी लागते आणि तिच्यासारख्याच परिस्थितीतील शाळांशी तिची तुलना करावी लागते.

आणखी एक फसवणूक अगदी नकळत होते. गंभीर घटना एका शाळेत वारंवार घडत नाहीत. एखाद्या शाळेत एका वर्षी दुर्घटना झाली, म्हणून तेथे उपक्रम सुरू केला आणि पुढील वर्षी काहीच झाले नाही, तर श्रेय उपक्रमाला दिले जाते. वास्तविक उपक्रम नसता तरी पुढील वर्ष बहुधा शांतच गेले असते. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे उपक्रम नसलेल्या, पण अन्य बाबतींत समान असलेल्या शाळांकडेही त्याच काळात पाहणे. कोणत्या शाळेला उपक्रम मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवले, तर तुलना अधिक विश्वासार्ह होते.

उत्तर प्रदेशाला लागून असलेल्या बिहारमध्ये अशी तुलना झाली आहे. नालंदा जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांमध्ये गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने ‘सेहेर’ हा उपक्रम राबवला. शाळेतील वातावरण सुधारणे, दादागिरी आणि हिंसा कमी करणे, मुलांमधील नैराश्य ओळखणे हे त्याचे उद्देश होते. शाळांचे चिठ्ठी पद्धतीने तीन गट करण्यात आले. पहिल्या गटात स्थानिक पातळीवर निवडून प्रशिक्षित केलेला ‘सेहेर मित्र’ उपक्रम चालवत असे. दुसऱ्या गटात तोच उपक्रम शाळेतील शिक्षकाकडे सोपवला होता. तिसऱ्या गटात राज्य शासनाचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम तेवढा सुरू होता. भित्तिपत्रके, स्पर्धा, समुपदेशन आणि मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी अशी पेटी, असे उपक्रमाचे साधे स्वरूप होते.

या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सेहेर मित्र असलेल्या शाळांमध्ये आठ महिन्यांत वातावरण सुधारले आणि दादागिरी, हिंसा व नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांकडे उपक्रम दिलेल्या शाळांमध्ये मात्र नेहमीच्या शाळांच्या तुलनेत फरक आढळला नाही. उपक्रम तोच, साहित्य तेच, पेटीही तीच. पुढील वर्षीच्या पाठपुराव्यातही हा फरक टिकून राहिला. केवळ ‘किती शाळांत उपक्रम सुरू झाला’ एवढेच मोजले असते, तर दोन्ही गटांना सारखेच शंभर टक्के गुण मिळाले असते.

यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. अध्यापन, परीक्षा आणि अशैक्षणिक कामे सांभाळणाऱ्या शिक्षकावर आणखी एक जबाबदारी टाकली की तिचे काय होते, हे कोणत्याही शिक्षक कक्षात विचारता येईल. शिवाय, जो गुण देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्यापाशी मूल आपली अडचण कितपत मोकळेपणाने सांगेल, हाही प्रश्न आहेच. मुलांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र मनुष्यबळ लागते, हा या अभ्यासाचा आर्थिक अर्थ होतो आणि अंदाजपत्रक करणाऱ्यांना तोच सर्वांत अवघड जातो.

लोकप्रियता हा परिणामकारकतेचा पुरावा नसतो, हेही परदेशात दिसून आले. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेला ‘डेअर’ हा व्यसनप्रतिबंधक कार्यक्रम पोलीस अधिकारी वर्गात जाऊन घेत असत. पालक, पोलीस आणि शाळा सर्वच त्यावर खूश होते आणि तो देशभर पसरला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये उपलब्ध दीर्घकालीन अभ्यास तपासले, तेव्हा कार्यक्रमात सहभागी झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या व्यसनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर कार्यक्रमाचा अभ्यासक्रम बदलावा लागला. याउलट, युगांडातील लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळांत ‘गुड स्कूल टूलकिट’ या उपक्रमाची चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. शिक्षकांकडून होणारी मारहाण त्यामुळे लक्षणीय प्रमाणात घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तेथे मोजमापाचा आधार शाळेची नोंदवही नव्हती. गेल्या आठवड्यात तुला कोणी मारले का, हे मुलांना एकेकटे बसवून विचारण्यात आले होते.

मुलांना कोण विचारणार?

लखनौच्या शाळांची पाहणी करणाऱ्या पथकात महसूल, शिक्षण, अग्निशमन आणि बांधकाम विभागांचे अधिकारी असू शकतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला इमारतीचा एकेक भाग समजतो. जिन्याच्या कोणत्या वळणावर धक्काबुक्की होते, कोणत्या रिक्षात बारा मुले कोंबली जातात, मधल्या सुटीत कोणते स्वच्छतागृह मुली टाळतात, याची माहिती त्यांच्यापैकी कोणाकडेही नसते. ती मुलांकडे असते. शाळेचा साधा नकाशा वर्गात वाटून भीती वाटणाऱ्या जागांवर खूण करायला सांगितली, तरी तासाभरात ती मिळू शकते. यासाठी मोठा निधी लागत नाही. सहा महिन्यांनी तोच नकाशा पुन्हा वाटला, तर उपक्रमापूर्वीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलनाही हाती येते.

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील शासकीय शाळेचे छत २५ जुलै २०२५ रोजी कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी सर्व राज्यांना शाळांची सुरक्षा तपासणी करण्याचे निर्देश दिले. जिल्ह्यातील मोडकळीस आलेल्या शाळा इमारतींच्या यादीत या शाळेचे नाव नव्हते, असे जिल्हा प्रशासनाने त्या वेळी सांगितले. छतावरून खडे पडत असल्याचे त्या सकाळी शिक्षकांना सांगितले होते, असे बचावलेल्या मुलांनी पत्रकारांना सांगितले.